गरुडाचा फोटो एडिट केला का, हा प्रश्न अपुरा आहे

शिकारी पक्ष्याचा एखादा चांगला फोटो ग्रुपवर पडला की हल्ली 'वा!' च्या मागोमाग दुसरा शब्द येतो, तो म्हणजे 'एडिटेड?' जणू काही हो म्हटले की फोटो खोटा आणि नाही म्हटले की खरा. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. अजिबात एडिट न केलेला फोटो शंभर टक्के खोटा असू शकतो आणि तासभर बसून एडिट केलेला फोटो अगदी प्रामाणिक असू शकतो. कसे, ते सांगते. आणि त्यावरून आपल्या साहित्य मंडळाने काय करावे, तेही शेवटी सुचवते.

आधी एडिटिंगची बाजू घेऊया, कारण तिला उगाचच शिव्या बसतात.

आपल्या गोव्यात सगळ्यांच्या ओळखीची ब्राह्मणी घार घ्या. मालीमच्या जेटीवर जा, बेतूलला जा, कुठल्याही खाडीच्या काठी उभे राहा, ती दिसणारच. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, आणि पाठीमागे दुपारचे फटफटीत आकाश. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या सगळ्या उजेडाचा अंदाज घेतो. चौकटीत आकाशच जास्त असल्यामुळे त्याला वाटते की उजेड फार झाला, आणि तो फोटो काळोखा करून टाकतो. घार राहते बाजूला, उरते एक काळी आकृती. बरे, उजेड वाढवावा तर पांढऱ्या छातीवरच्या बारीक काळसर रेघा धुऊन जातात आणि तिथे नुसता चुन्याचा ठिपका दिसतो. आपला डोळा छातीवरच्या रेघा आणि पंखांखालचा तांबूस रंग दोन्ही एका वेळी बघतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून जाणते लोक पांढरा भाग सांभाळून फोटो काढतात आणि घरी आल्यावर काळोखात गेलेला भाग थोडा उजळतात. यात खोटे काय आहे? उलट, डोळ्याला जे दिसले होते त्याच्या जवळ फोटो आला.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्यावर झेप घेणारी घार स्पष्ट हवी असेल तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका कमी वेळ शटर उघडावे लागते. इतक्या कमी वेळात प्रकाश कमी येतो, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोवर रवाळ दाणे उठतात. ते दाणे घारीच्या अंगावर नव्हते, कॅमेऱ्याने आणले. ते कमी करणे म्हणजे आरशावरची धूळ पुसण्यासारखेच आहे.

आणि 'मी एडिट करत नाही, कॅमेऱ्यातून आला तसाच टाकतो' असे अभिमानाने सांगणाऱ्यांना एकच सांगायचे आहे. तुमचा फोटो कॅमेऱ्याने आधीच एडिट केलेला असतो. जेपेग फाइल तयार होताना रंग, उठाव, धार, दाणे हे सगळे कॅमेरा स्वतःच ठरवतो. मोबाइल तर याहून पुढे गेला आहे, तो अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो. रॉ फाइल हा कच्चा मसुदा असतो. मसुद्यावर हात फिरवायचाच असतो. फक्त तो तुम्ही फिरवता की यंत्र, एवढाच फरक.

मग रेघ कुठे मारायची? माझ्या मते अशी. जे होते ते नीट दिसावे म्हणून केलेले बदल रेघेच्या अलीकडे. जे नव्हते ते दिसावे किंवा जे होते ते लपावे म्हणून केलेले बदल रेघेच्या पलीकडे. उजेड, रंगाचा समतोल, थोडे क्रॉप, दाणे कमी करणे हे अलीकडे. चोचीसमोरची काटकी पुसणे, मागचा मोबाइलचा टॉवर गायब करणे, पांढऱ्या आकाशाच्या जागी संध्याकाळचे केशरी आकाश चिकटवणे, रिकाम्या पंजात मासा देणे हे पलीकडे.

कोणी म्हणेल, एक काटकी पुसली तर एवढे काय बिघडले? फुलांच्या फोटोत कदाचित काही नाही. पण शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत बिघडते, कारण त्यांची ओळखच बारीकसारीक खुणांवर असते. शिक्रा घ्या. पिल्लाचे डोळे पिवळे, पूर्ण वाढलेल्या नराचे लाल. 'डोळे जरा भडक करू' म्हणून रंगाची पट्टी सरकवली की तुम्ही त्या पक्ष्याचे वय बदलले. ब्राह्मणी घारीचे पिल्लू तपकिरी असते, पटकन बघणाऱ्याला ते साध्या घारीसारखेच वाटते. फरक शेपटीत: साध्या घारीची शेपटी टोकाला दुभागलेली, हिची गोलसर. क्रॉप करताना शेपटी कापली की ओळख गेली. हिवाळ्यात सड्यांवर आणि मोकळ्या शेतांवरून जमिनीलगत फिरणारे भोवत्ये तर याहून अवघड. (काय सुंदर नाव आहे हे! पक्षी काय करतो ते नावातच सांगून टाकले.) माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखावर काळा पट्टा असतो. फिकट भोवत्याच्या नराला तो नसतो, त्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते. माद्यांत तर अनुभवी माणसेही अडखळतात. आता दाणे काढणारे नवीन सॉफ्टवेअर काय करते? जिथे तपशील नाही तिथे अंदाजाने पिसे रंगवते. पट्टे पुसते, नसलेले पट्टे उमटवते. फोटो गुळगुळीत, सुरेख दिसतो आणि पक्षी मात्र कुठल्याच पुस्तकात नसतो.

'पण मी काही शास्त्रज्ञ नाही, हौशी माणूस.' मान्य. पण आज पक्ष्यांची मोजदाद हौशी माणसांच्याच जोरावर चालते. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या नोंदी आहेत. त्यात तुमच्या-माझ्यासारखेच लोक आहेत. प्राणी आणि मृत मांस खाऊन जगणारे पक्षी सर्वांत जास्त कमी होत आहेत, हे त्या नोंदींमुळेच कळले. दुर्मीळ पक्ष्याची नोंद आली की तपासणारे पहिल्यांदा फोटो मागतात. तो फोटोच जर सजवलेला असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकणार. म्हणून काटकीपेक्षा पिसाबद्दल जास्त कडक राहायला हवे, असे माझे मत.

इथवर बहुतेक जण माझ्याशी सहमत होतील. खरा वाद पुढे आहे.

खोट्या फोटोंची गोष्ट निघाली की 'नॅशनल जिओग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठाचा दाखला दिला जातो. उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळजवळ सरकवले होते. ती झाली एडिटिंगची लबाडी. पण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतली दोन प्रकरणे बघा. २००९ मध्ये कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेतले, कारण तो लांडगा जंगली नसून बहुधा पाळलेला, शिकवलेला आहे, असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला एका गटाचे बक्षीस मिळाले. २०१८ मध्ये तेही रद्द झाले, कारण तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता, असे तज्ज्ञांनी तपासून सांगितले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की या दोन्ही ठिकाणी आक्षेप सॉफ्टवेअरवर नव्हता. रॉ फाइल स्वच्छ असली तरी फोटो खोटा ठरू शकतो, कारण बटण दाबण्याच्या आधीच सगळा देखावा उभा केलेला असतो.

शिकारी पक्ष्यांच्या फोटोत हा देखावा उभा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आमिष. होडीतून कोंबडीची कातडी किंवा माशांची आतडी फेकायची, घारी तुटून पडतात. मोकळ्या जागेत दोरीला उंदीर बांधायचा आणि घुबडाची वाट बघत बसायचे. रात्री मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावून त्याला आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असे भासवायचे. मग फोटो कसा येतो? पंजे पुढे, डोळे थेट लेन्समध्ये, उजेड पाठीमागून अगदी हवा तसा. असे दहा फोटो एकत्र ठेवले तर दहाही सारखेच दिसतात. खरी शिकार अशी होत नाही. ती बहुतेक वेळा फसते, पाठमोरी होते, गवताआड होते.

आणि हे नुसते नीतीचे प्रश्न नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचा. तिच्यात मारणे, विष घालणे, सापळा लावणे तर आहेच, पण वन्य प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे हेही आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही शिकारीतच मोडते. म्हणजे बंदूक नसतानाही माणूस शिकारी ठरू शकतो, असे कायदाच म्हणतो. अभयारण्यात फोटो काढायला परवानगी मिळते तीदेखील तिथल्या वस्तीत बदल न करता आणि प्राण्यांना अपाय न करता, या अटीवर. हे वाचल्यावर 'शूट करायला चाललोय' हे आपले रोजचे बोलणे मला जरा वेगळेच ऐकू यायला लागले.

घरट्यांबद्दल वेगळे सांगते. समुद्रकाठच्या उंच झाडावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचे घरटे असते. तीच जोडी वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरते. एकदा जागा कळली की दर रविवारी तिथे गर्दी. मोठे पक्षी उडून लांब बसतात आणि पिल्लू उन्हात, कावळ्यांच्या तावडीत उघडे राहते. ड्रोन वर नेला तर आणखीनच वाईट. गरुडाला तो आपल्या हद्दीत शिरलेला शत्रू वाटतो, तो त्याच्यावर झडप घालतो आणि फिरत्या पात्यांनी स्वतः जखमी होऊ शकतो.

'पूर्वीचे थोर लोक घरट्यापाशीच फोटो काढायचे' असे एक उत्तर मिळते. खरे आहे. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग हे पक्षिछायाचित्रणातले मोठे नाव. १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्यापाशी काम करताना मादीने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राला त्या डोळ्यावरूनच नाव दिले. पण त्या काळी फिल्म मंद होती, लेन्स तोकड्या होत्या. पक्षी हमखास परत येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे घरटे. आज आपल्याकडे सहाशे मिलिमीटरच्या लेन्स आहेत, अंधारातही चालणारे कॅमेरे आहेत. त्यांची जी मजबुरी होती ती आपली राहिलेली नाही. मग सवय तरी का ठेवायची?

जागा उघड करणे हाही त्यातलाच भाग. मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदले जाऊ शकते. आपल्या देशात दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली आणि विकली जातात, हे काही गुपित नाही. घुबडाचा फोटो झाडासकट, वाटेसकट टाकणारा माणूस त्या लोकांचे अर्धे काम करून देतो. त्याच्या मनात तसे काही नसते, तरीही.

आता विरुद्ध बाजू. तीन आक्षेप मला वारंवार ऐकू येतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला: 'ही कला आहे, कलाकाराला स्वातंत्र्य हवे.' हवेच. पण आपण साहित्य मंडळाची माणसे आहोत, आपल्याला हे समजायला अवघड नाही. कथेत लेखकाने माणसे कल्पनेतून आणली म्हणून कोणी भांडत नाही. आत्मचरित्रात प्रसंग बनवून घातले तर मात्र वाचकाला फसवल्यासारखे वाटते. शब्द तेच, लेखक तोच, फक्त वाचकाला दिलेला शब्द मोडला. फोटोचेही तसेच. केशरी आकाश जरूर लावा, घारीला चंद्रावर बसवा, पण खाली 'कलाकृती' असे लिहा. 'काल संध्याकाळी चोडण फेरीवर' असे लिहू नका.

दुसरा: 'पक्ष्याला खायला घातले, त्यात पाप कसले? आपण कावळ्याला घास ठेवतोच की.' घास ठेवून आपण घरात जातो, कावळा येतो किंवा येत नाही. आमिषात मात्र पक्ष्याला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी यायला लावलेले असते. त्याची माणसाबद्दलची भीती कमी होते आणि ती भीतीच त्याचे संरक्षण असते. तुमच्या होडीजवळ यायला शिकलेली घार दुसऱ्या कोणाच्या दगडाजवळही जाईल. जेटीवर मासे साफ करताना पडलेल्या आतड्यांवर घारी येतात, तो मात्र वेगळा प्रकार आहे. ते तिथले रोजचे जगणे आहे. त्याचा फोटो जरूर काढा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एका ज्युनियर मुलाने विचारले, "मॅडम, माझ्याकडे भावाचा जुना कॅमेरा आहे. पक्षी एवढासा येतो. सजवल्याशिवाय माझा फोटो बघणार कोण?" त्याचे बरोबर आहे. दोष त्याचा नाही, बक्षिसे देणाऱ्यांचा आहे. पक्षी जितका मोठा आणि जवळ, तितका फोटो चांगला, असे आपण ठरवून टाकले आहे. त्यामुळे ज्याच्याकडे लाखाची लेन्स तो जिंकतो, नाहीतर जो पक्ष्याच्या जास्त जवळ घुसतो तो जिंकतो. तिसरा मार्ग उरतो सॉफ्टवेअरचा.

पण पक्षी छोटा असलेला फोटो वाईट का मानायचा? खाजनातल्या मानशीच्या खांबावर बसलेली घार, मागे भरतीचे पाणी, बांधावरून घरी चाललेली माणसे. सड्यावरून फिरणारा भोवत्या आणि त्याच चौकटीत सड्याच्या कडेला उभे राहिलेले नवीन बांधकाम. मोबाइलच्या टॉवरवर विसावलेला ससाणा. या फोटोंत पक्षी बोटाच्या नखाएवढा असेल, पण तो कुठे राहतो आणि त्याची जागा कशी कमी होतेय, हे त्यांत दिसते. नुसत्या डोळ्या-चोचीच्या क्लोजअपमध्ये ते कधीच दिसणार नाही. तो क्लोजअप गोव्यातला आहे की प्राणिसंग्रहालयातला, हेही सांगता येत नाही. टॉवर पुसायचा नाही असे मी वर म्हटले, ते यासाठीच. पन्नास वर्षांनी कोणी हे फोटो उघडले तर त्याला घारीइतकीच टॉवरचीही माहिती हवी असेल.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार साध्या सूचना आहेत.

एक, मुखपृष्ठासाठी आणि वार्षिक स्पर्धेसाठी येणाऱ्या प्रत्येक फोटोखाली तीन ओळी सक्तीच्या करा: पक्षी कोणता आणि कुठल्या तालुक्यात (नेमकी जागा नको), फोटो कसा मिळाला, आणि एडिटिंगमध्ये काय काय केले. लपवण्यासारखे काही नसेल तर तीन ओळी लिहायला दोन मिनिटे पुरतात.

दोन, घरट्यावरचे, आमिष दाखवून काढलेले, आवाज लावून बोलावलेल्या पक्ष्याचे फोटो घेऊ नयेत. कितीही देखणे असले तरी.

तीन, निवड झाली की मूळ फाइल मागावी. मोबाइलवाल्यांकडून मोबाइलमधली मूळ फाइल चालेल. कल्पनेने सजवलेल्या फोटोंसाठी 'कलाकृती' असा वेगळा विभाग ठेवावा आणि त्यालाही बक्षीस द्यावे. तिथे हवे तेवढे स्वातंत्र्य.

चार, एक बक्षीस 'पक्षी आणि परिसर' या विषयाला असावे आणि त्यात साध्या कॅमेऱ्याचे व मोबाइलचेच फोटो घ्यावेत.

यामुळे फोटो कमी येतील, अशी भीती संपादक मंडळातल्या काहींनी बोलून दाखवली. येऊ देत कमी. बारा फोटोंतले चार विश्वासाचे असले तर अंकाचे काही नुकसान नाही. कविता निवडताना आपण उचलेगिरी तपासतोच ना? कोणी दुसऱ्याच्या ओळी आपल्या नावावर दिल्या तर आपण ती कविता परत करतो, भले ती कितीही छान असो. फोटोलाही तोच नियम लावायचा आहे, नवीन काही मागत नाही.

पाऊस संपला की ऑक्टोबरपासून भोवत्ये उत्तरेकडून यायला लागतील. नाताळच्या सुट्टीत निम्मे कॉलेज कॅमेरे घेऊन करमळीच्या तळ्यावर आणि चोडणला जाईल. त्याच्या आधीच्या बैठकीत या चार सूचनांवर हो किंवा नाही ठरावे, एवढी विनंती. ज्यांना त्या पटत नाहीत त्यांनी पुढच्या अंकात खुशाल माझ्याविरुद्ध लिहावे. फक्त लेखासोबत फोटो दिलात, तर खाली तीन ओळी लिहायला विसरू नका.